शेअर बाजारांची जोडणी: ऑर्डर पोचते, पण पैसा आणि शेअर कुठे अडकतात?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तेजीमंदी

२०२२ च्या अखेरीस आफ्रिकेतले सात शेअर बाजार एका जाळ्यात आले. जोहान्सबर्ग, लागोस, नैरोबी, कैरो, कासाब्लांका, मॉरिशस आणि आठ देशांचा मिळून असलेला, आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानचा बीआरव्हीएम. प्रकल्पाचं नाव एईएलपी. मागे आफ्रिकी शेअर बाजारांची संघटना आणि आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक. दुसऱ्या टप्प्यात घाना आणि बोत्स्वाना.

कल्पना जुनीच आहे. लॅटिन अमेरिकेत 'मिला' २०११ ला सुरू झालं, आसियानची ट्रेडिंग लिंक २०१२ ला. पहिल्यातली उलाढाल कधी वाढलीच नाही आणि दुसरी २०१७ ला बंद पडली. म्हणून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नैरोबीत बसून आबिदजानचा शेअर घ्यायचा तर पडद्यामागे नेमकं काय काय घडतं? आणि आधीचे प्रयत्न जिथे अडले तिथेच हाही अडेल का? 'आफ्रिका उगवते आहे' छापाची भाषणं नकोत, व्यवहाराचं बोलू.

खतावणी

केनियातल्या गुंतवणूकदाराला सेनेगलच्या सोनाटेल या दूरसंचार कंपनीचे शेअर घ्यायचेत असं धरू. सोनाटेल बीआरव्हीएमवर आहे, भाव फ्रँक सीएफएमध्ये (त्या आठ देशांचं सामाईक चलन).

सगळ्यात आधी नैरोबीचा दलाल आणि आबिदजानचा दलाल (तिकडे त्यांना एसजीआय म्हणतात) यांच्यात करार लागतो. एक ऑर्डर पाठवणारा, दुसरा तिला आपल्या नावावर बाजारात घालणारा. हा करार नसेल तर जोडणी असून उपयोग नाही. पडद्यावर भाव दिसतील, ऑर्डर जाणार नाही. केवायसी दोन्ही टोकांना होतं, कारण आबिदजानच्या नियामकाला नैरोबीच्या दलालाने केलेली तपासणी आपोआप चालत नाही.

मग ऑर्डर. ती जोडणीतून एसजीआयच्या प्रणालीत पडते, तिथे त्याची मर्यादा तपासली जाते आणि मगच बाजारात जाते. मेख इथेच आहे. बीआरव्हीएमच्या लेखी ती ऑर्डर नैरोबीची नसतेच, एसजीआयची असते. सौदा झाला आणि पैसे आले नाहीत तर भुर्दंड एसजीआयला. दोन देशांच्या मध्ये बसून दोघांची हमी घेणारं क्लिअरिंग हाऊस या रचनेत नाही. मग कुठलाही शहाणा एसजीआय म्हणणार, आधी पैसे पाठवा.

ते पाठवायचे कसे? शिलिंग आणि फ्रँक सीएफए यांचा थेट बाजार नाही. शिलिंगचे डॉलर किंवा युरो, त्याचे सीएफए. सीएफए युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे, म्हणजे युरोमार्गे गेलात तर दुसऱ्या टप्प्यात दराची जोखीम जवळजवळ नाही, पण बँकेचं कमिशन आहेच. पहिल्या टप्प्यात दोन्ही आहेत. भाव वर सरकला तर हाताशी असावेत म्हणून थोडे जास्तच पाठवावे लागतात. उरलेले परत आणायचे तर पुन्हा दोन वेळा बदलायचे.

हिशेबासाठी धरून चालू की दर बदलाला १ टक्का जातो आणि दोन दलाल मिळून २ टक्के घेतात. आत जाताना ४, बाहेर येताना ४. शेअरने ८ टक्क्यांहून थोडे जास्तच दिले तेव्हा कुठे मुद्दल सुटली. पेन्शन फंड घासाघीस करून हे खाली आणेल, पाचपन्नास हजार शिलिंगवाल्याला ते जमायचं नाही.

शेअर येतात आबिदजानच्या डिपॉझिटरीत (शेअर खात्यावर नोंदून ठेवणारी संस्था), एसजीआय किंवा कस्टोडियनमार्फत (गिऱ्हाइकाचे शेअर सांभाळणारी बँक). नैरोबीच्या डिपॉझिटरीच्या उताऱ्यात ते दिसत नाहीत. त्यामुळे तारण ठेवून नैरोबीत कर्ज काढायचं म्हटलं तर बँक हात वर करते.

आता राहिलं पंचांग. नैरोबी आबिदजानच्या तीन तास पुढे. कैरोचा बाजार रविवार ते गुरुवार, बाकीच्यांचा सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सामाईक दिवस चारच. त्यात ईद, ईस्टर आणि प्रत्येकाचा स्वातंत्र्यदिन. सौदापूर्ती टी+३ (सौद्यानंतर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी) धरली तरी ते तीन दिवस कुणाच्या कॅलेंडरचे हे करारात लिहिलेलं नसेल तर पहिल्याच लांब सुट्टीला भांडण ठरलेलं.

दक्षिणगोलार्ध

मिलाबद्दल. ३० मे २०११ ला सांतियागो, लिमा आणि बोगोता जोडले गेले, २०१४ च्या डिसेंबरात मेक्सिको आला. रचनेत मिला एईएलपीच्या एक पायरी पुढे होतं. चारही देशांच्या डिपॉझिटरींनी (चिलीची डीसीव्ही, पेरूची कावाली, कोलंबियाची देसेवाल, मेक्सिकोची इंदेवाल) एकमेकींकडे खाती उघडली. म्हणजे खतावणी म्हणतात ती उताऱ्याची अडचण तिथे सुटली होती. तरी धंदा आला नाही. का?

चलन. चिलीचा पेसो आणि पेरूचा सोल यांची गाठ डॉलरमार्फतच पडते. दोन बदल, दोन फरक.

कर. प्रत्येक देशाचा वेगळा आणि शिवाय बदलता. चिलीत ज्या शेअरमध्ये पुरेशी उलाढाल असते त्यावरच्या नफ्याला पूर्ण सूट होती, सप्टेंबर २०२२ पासून त्यावर १० टक्के. कोलंबियात वर्षभरात कंपनीच्या १० टक्क्यांपर्यंत शेअर विकले तर नफा करमुक्त, ती मर्यादा २०२२ च्या सुधारणेने ३ टक्क्यांवर आली. लिमाच्या गुंतवणूकदाराला घरचा शेअर घेताना हे काहीच बघावं लागत नाही, बोगोताचा घेताना सगळं बघावं लागतं.

तिसरं म्हणजे न्यूयॉर्क. मिलातल्या ज्या कंपन्यांत खरा रस होता, चिलीची एसक्यूएम, कोलंबियाची एकोपेत्रोल, पेरूची क्रेडिकॉर्प, त्या सगळ्या न्यूयॉर्कमध्ये डॉलरमध्ये मिळतात. उलाढाल मोठी, खरेदी-विक्रीच्या भावातली दरी कमी, चलन एकदाच बदलायचं. सांतियागोचा फंड एकोपेत्रोल घ्यायला बोगोताला कशाला जाईल?

वर २०१२ च्या नोव्हेंबरात कोलंबियातली सगळ्यात मोठी दलाल पेढी इंटरबोल्सा बुडाली. फाब्रिकातो या कापड कंपनीच्या शेअरवर रेपोचा (शेअर देऊन घेतलेल्या अल्पमुदतीच्या उधारीचा) डोलारा उभा केला होता. मिला सुरू होऊन दीड वर्ष झालेलं. परदेशी दलालाच्या भरवशावर चालणाऱ्या जोडणीला याहून वाईट मुहूर्त नसता.

पुढची पायरी म्हणजे नुआम. २०२३ मध्ये सांतियागो, बोगोता, लिमा एका होल्डिंग कंपनीखाली आले. सांतियागो ४०, बोगोता ४०, लिमा २० टक्के. जोडणी सोडून थेट विलीनीकरण, एकच व्यवहारप्रणाली आणि एकच नियमावली हा उद्देश. पण नियामक तीनच राहतात आणि चलनंही तीनच. मेक्सिको यात नाही. तो मे २०२४ मध्ये अमेरिकेबरोबर टी+१ वर गेला, म्हणजे मिलाच्या आतच सौदापूर्तीचे दिवस जुळेनासे झाले.

तेजीमंदी

खतावणी, दक्षिणगोलार्ध, दोघांचेही आभार. मग बीआरव्हीएम कसा चालतो? तिथे तर आठ देश आहेत.

शिल्लकबाकी

कारण तिथे जोडायला वेगळं काही नव्हतंच. बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल, टोगो. चलन एक, मध्यवर्ती बँक एक (डाकारची बीसीईएओ), शेअर बाजारावरचा नियामक एक, डिपॉझिटरी एक. १६ सप्टेंबर १९९८ ला व्यवहार सुरू झाले तेव्हा आबिदजानचा जुना राष्ट्रीय बाजार त्यात विरघळला. प्रत्येक देशात बाजाराची एक शाखा आहे, पण ऑर्डरचं पुस्तक एकच. टोगोच्या लोमेतल्या माणसाने सेनेगलच्या डाकारचा शेअर घेतला तर ना चलन बदलावं लागतं ना डिपॉझिटरी.

पण एक खातं सगळ्यांचं असलं की ते गोठवण्याची किल्लीही एकाच हातात जाते. जानेवारी २०२२ मध्ये मालीवर प्रादेशिक निर्बंध लागले आणि बीसीईएओमधली मालीची खाती गोठली. मालीच्या सरकारकडे पैसे होते, देता येत नव्हते. प्रादेशिक बाजारात विकलेल्या रोख्यांचे हप्ते थकले. जुलै २०२२ मध्ये निर्बंध उठले तेव्हा थकबाकी फेडली गेली. नायजरमध्ये २६ जुलै २०२३ च्या सत्तापालटानंतर हेच पुन्हा झालं, निर्बंध उठायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ते रोखे घेऊन बसल्या होत्या शेजारच्या देशांतल्या बँका. शिक्षा नायजरला आणि ताळेबंदात खड्डा लोमे-आबिदजानच्या बँकांच्या. बीआरव्हीएमचा सरकारी रोखा घेताना नुसती देशाची पत बघून भागत नाही, त्या देशाचं शेजाऱ्यांशी कसं चाललंय हेही बघावं लागतं.

आणि एक चलन म्हणजे हमखास यश असंही नाही. शेजारच्याच मध्य आफ्रिकी सीएफए विभागात सहा देश, एक चलन, एक मध्यवर्ती बँक. तरी कॅमेरूनने दुआलाला वेगळा बाजार काढला आणि प्रादेशिक बाजार गॅबनच्या लिब्रव्हिलला. दोन्हीकडे मिळून मोजक्या कंपन्या. कोण माघार घेणार यावर वर्षं गेली, शेवटी २०१९ मध्ये विलीनीकरण होऊन मुख्यालय दुआलाला आलं. कंपन्यांचा दुष्काळ आजही आहे.

शंकासुर

बीआरव्हीएमचं कौतुक जरा जपून. सूचीत सुमारे ४५ कंपन्या, त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश आयव्हरी कोस्टच्या. गिनी-बिसाऊची एकही नाही. सोनाटेल आणि २०२२ च्या अगदी शेवटी आलेली ऑरेंज कोत दिव्हॉर, या दोन दूरसंचार कंपन्या वगळल्या तर बाजारमूल्याचा मोठा लचका गेला. 'आठ देशांचा बाजार' हे पत्रकापुरतं. हा आबिदजानचाच बाजार आहे, बाकीचे देश तिथे रोखे विकायला येतात.

एकाच शेअरची दोन-तीन बाजारांत नोंदणी करण्याचा मार्ग त्यापेक्षा सोपा नाही का? नवी यंत्रणा नको, करार नको. केनियाच्या केसीबी आणि इक्विटी या बँका युगांडा-रवांडात नोंदलेल्या आहेतच.

खतावणी

नोंदणी सोपी, व्यवहार नाही. केसीबीची जवळजवळ सगळी उलाढाल नैरोबीत होते, कंपालात दिवसचे दिवस सौदा होत नाही. तरलता (शेअर हवा तेव्हा घेता-विकता येणं) जिथे आहे तिथेच ओढली जाते. उलट दिशेचं उदाहरणही बघा. रवांडाची बीके ग्रुप २०१८ मध्ये नैरोबीत नोंदली गेली, तिलाही तिथे फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण इकोबँकेचं. इकोबँक ट्रान्सनॅशनल, मुख्यालय लोमे, २००६ पासून लागोस, घानाचं आक्रा आणि आबिदजान तिन्हीकडे. एकच शेअर, तीन चलनं: नायरा, सेडी, सीएफए. कागदावर हे दर क्षणाला अर्बिट्राज (एकीकडे स्वस्त घेऊन दुसरीकडे महाग विकणं) करण्यासारखं.

आता आबिदजानचा भाव बघा. वर्षानुवर्षं तो वीस फ्रँकच्या आतबाहेर घुटमळत आला, आणि भाव पूर्ण फ्रँकमध्येच लागतो. समजा काल १६ वर बंद झाला. बीआरव्हीएमची दिवसाची मर्यादा वरखाली साडेसात टक्के, म्हणजे १४.८ ते १७.२. त्यात बसणारे पूर्ण आकडे तीनच: १५, १६, १७. एक फ्रँक हलला की सव्वासहा टक्के. लागोसला तोच शेअर कोबोच्या (नायराचा शंभरावा भाग) पायरीने चढउतार करतो आणि मर्यादा १० टक्के. लागोसचा भाव ३ टक्के वर गेला तर आबिदजानला ते दाखवायला आकडाच नाही. मग दोन बाजारांतला फरक हा फरक आहे की नुसता पूर्णांकाचा खेळ, हे ठरवायचं कसं?

ठरवलंत तरी पुढे काय? आबिदजानला घेतलेले शेअर लागोसला विकायचे तर ते तिकडच्या डिपॉझिटरीतून काढून लागोसच्या सीएससीएस या डिपॉझिटरीत न्यावे लागतात. कंपनीच्या निबंधकाची (भागधारकांची नोंदवही ठेवणारा) संमती, दोन्ही टोकांना अर्ज, काही दिवस. तेवढ्यात नायरा हलला की फरक गेला. जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडला तेव्हा डॉलरला साधारण ४६० वरून काही दिवसांत ७५० च्या आसपास गेला. अर्बिट्राजमध्ये टक्के-दोन टक्के कमवायला निघालेल्याचं त्यात काय होईल, सांगायला नको.

शिल्लकबाकी

नायराचा विषय निघालाच आहे तर, दर घसरणं हा त्रासाचा अर्धाच भाग. दर कितीही असो, डॉलर *मिळतच नाहीत* ही दुसरी स्थिती असते. नायजेरियात २०१५-१६ मध्ये हेच झालं आणि नंतरही. शेअर विकले, नायरा खात्यात आले, बाहेर नेता येईनात. निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआयने अखेर नायजेरियाला फ्रंटियर (लहान, नव्या बाजारांच्या) निर्देशांकातून काढलं ते याचमुळे. एईएलपीच्या सात बाजारांत लागोस आणि कैरो, दोन्हीकडे अशी टंचाई येऊन गेलीय. इजिप्शियन पौंड मार्च २०२४ मध्ये एका दिवसात ३१ वरून ५० च्या घरात गेला. जोडणीचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, त्याला हे आवरत नाही.

आफ्रिकेतल्या देशांचे आपापसातले भरणे स्थानिक चलनात व्हावेत म्हणून पीएपीएसएस ही यंत्रणा जानेवारी २०२२ पासून आहे. शेअरचे सौदे तिच्यावर आले तर शिलिंग-डॉलर-सीएफए हा वळसा कमी होईल. पण तिथेही दिवसअखेर मध्यवर्ती बँकांना आपसातलं निव्वळ देणं हार्ड करन्सीतच (डॉलरसारख्या जगभर चालणाऱ्या चलनात) चुकवायचं आहे. डॉलर नसलेल्या देशाची अडचण तिथेही डॉलर नसण्याचीच.

पूर्वकिनारा

आसियानचं राहिलं. सप्टेंबर २०१२ मध्ये मलेशिया-सिंगापूर, ऑक्टोबरात थायलंड. तिन्ही बाजार एईएलपीतल्या बहुतेकांपेक्षा मोठे आणि सुस्थितीतले, चलनं बऱ्यापैकी स्थिर, तरी पाच वर्षांत गाशा गुंडाळला. मोठ्या दलालांच्या तिन्ही शहरांत शाखा किंवा भागीदार आधीपासूनच होते. त्यांना बाजाराच्या जोडणीसाठी वेगळं शुल्क का भरावं हे कळेना. लहान दलालांकडे परदेशी शेअर मागणारं गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणजे ज्याला गरज त्याच्याकडे धंदा नाही, ज्याच्याकडे धंदा त्याला गरज नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. मे २०२३ पासून सिंगापूर आणि थायलंडने डिपॉझिटरी रिसीटचा, म्हणजे मूळ शेअरवर काढलेल्या पावत्यांचा मार्ग धरला. थायलंडच्या सीपी ऑल, एअरपोर्ट्स ऑफ थायलंड, पीटीटीईपी यांच्या पावत्या सिंगापूरच्या बाजारात सिंगापूर डॉलरमध्ये मिळतात. मूळ शेअर बँकॉकमध्ये कस्टोडियनकडे. गुंतवणूकदाराचं खातं, सौदापूर्ती, चलन, सगळं घरचं. चलनबदलाच्या आणि बँकॉकच्या कटकटी पावत्या काढणारी संस्था घाऊक भावात सोसते आणि भावाच्या दरीतून वसूल करते. ऑर्डर सीमेपार नेण्याऐवजी शेअरच बांधून इकडे आणायचा. मला हा मार्ग जास्त टिकाऊ वाटतो, आणि एईएलपीनेही इकडे वळावं असं माझं स्पष्ट मत आहे.

शंकासुर

पावत्या काढणाऱ्याला दोन्हीकडे भाव देत बसावं लागतं. सीपी ऑलमध्ये ते जमतं, कारण बँकॉकला त्याला हवा तेव्हा शेअर घेता-विकता येतो. बीआरव्हीएमच्या तळाच्या कंपन्यांत उलाढाल फार तुटपुंजी. तिथे पावती काढणारा दरी एवढी रुंद ठेवेल की गिऱ्हाईक फिरकणार नाही.

पूर्वकिनारा

मान्य. म्हणून सगळ्यांच्या नाही, सोनाटेल, सफारिकॉम, एमटीएन नायजेरिया, इक्विटी अशा आठ-दहाच. बाकीच्यांना जोडणीनेही काही मिळणार नाही.

वाशीखाडी

थोडं अवांतर, पण आपल्याच अंगणातलं. नव्वदच्या दशकात एनएसई आल्यावर देशातल्या प्रादेशिक शेअर बाजारांची उलाढाल आटली. तेव्हा त्यातल्या अनेकांनी एकत्र येऊन इंटर-कनेक्टेड स्टॉक एक्सचेंज काढलं, मुख्यालय वाशीला. १९९८ मध्ये सेबीची मान्यता. चलन एक, नियामक एक, कर एक, डिपॉझिटऱ्याही सामाईक. वर चर्चेत आलेली एकही अडचण नाही. तरीही बाजार म्हणून चाललं नाही, कारण तेच शेअर बीएसई-एनएसईवर जास्त तरलतेने मिळत होते. धंदा झाला तो उपकंपनीचा, जी एनएसई-बीएसईची सभासद होऊन लहान शहरांतल्या दलालांना तिथे प्रवेश द्यायची. सेबीच्या २०१२ च्या धोरणात वर्षाला हजार कोटींची उलाढाल नसलेल्या बाजारांना बाहेरची वाट दाखवली आणि २०१४ मध्ये हेही मिटलं. दक्षिणगोलार्ध यांनी न्यूयॉर्कबद्दल लिहिलंय ते इथे मुंबईला लागू.

उलट जे चाललं ते बघा. जुलै २०२३ मध्ये सिंगापूरचं एसजीएक्स निफ्टी (निफ्टी निर्देशांकावरचा वायदा करार) गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत गिफ्ट निफ्टी म्हणून आलं. सिंगापूरच्या सभासदांच्या ऑर्डर तिकडे जातात. पण तिथे मागणी आधीपासून होती, करार डॉलरमध्ये होता आणि क्लिअरिंग हाऊस मध्ये उभं होतं. जुन्या वाहत्या धंद्याला नवी पन्हळ लावली, पाणी शोधायला विहीर खणली नाही.

नवखा_७

चर्चा भारी, वाखू (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न. पुण्यात बसून सोनाटेल घेता येईल का? एईएलपीतून?

खतावणी

एईएलपीतून नाही, त्यात भारतातला बाजार नाही. थेट आबिदजानच्या एसजीआयकडे अनिवासी म्हणून खातं उघडून घेता येतं. कागद फ्रेंचमध्ये, पासपोर्टची साक्षांकित प्रत, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा. पैसे एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना), माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत. बँकेत ए२ फॉर्म भरताना परकीय शेअरमधली गुंतवणूक हाच उद्देश-संकेत टाका. घाईत दुसरा पडला तर दुरुस्तीला हेलपाटे होतात. वर्षात १० लाखांपुढे पाठवलंत तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर). तो परतावा किंवा वजावट म्हणून मिळतो, तोवर पैसा अडकतो.

विवरणपत्रात परकीय मालमत्तेची अनुसूची भरायची. त्यातलं वर्ष कॅलेंडरचं असतं, जानेवारी ते डिसेंबर, आर्थिक वर्ष नव्हे. इथे पुष्कळ लोक घोळ घालतात. २४ महिन्यांनंतर विकले तर दीर्घ मुदतीचा नफा, १२.५ टक्के.

आणि लाभांश. बीआरव्हीएमवर जाहीर होणारा आकडा बहुधा कर वजा जाता असतो. परताव्याचं गणित मांडताना त्यातून पुन्हा कर वजा करू नका. पण भारतात दाखवायचं उत्पन्न मात्र कर कापण्याआधीचं असतं, तेव्हा एसजीआयकडून ढोबळ रक्कम आणि कापलेला कर वेगवेगळा लिहिलेली पावती दरवेळी मागून घ्या.